तांबड्या कांडीची पाळी

१

वडगावात आमच्या गल्लीत दुपारी जेवणाला माग थांबतात, पण एकदम थांबत नाहीत. आधी मारुतीरावांचा थांबतो, त्यांना भूक लवकर लागते. मग मालुबाईच्या घरचा. मग समोरचे दोन. मग बाळाबाईचा, नवऱ्यामागं ती स्वतः मागावर बसते. सगळ्यांत शेवटी आमचा, कारण माझा भाऊ भरमू हातातला धोटा सोडायला नेहमीच कुरकुरतो. सहा घरं, सहा माग. सहावा थांबला की गल्ली अशी गप्प होते की चुलीतलं लाकूड तडकलेलं चार घरं ऐकतात.

त्या वेळी मी घरात थांबत नाही. पाय ओढत गल्लीबाहेरच्या विहिरीपर्यंत जातो आणि लोक जेवून उठेस्तोवर तिथंच बसतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला विहिरीचा गारवा आवडतो. बारा वर्षं मी त्यांना तसं वाटू दिलं.

माझं नाव भावकू. शाळेत गेलो नाही. ही जी मोठी मोठी वेडीवाकडी अक्षरं आहेत, ती मला श्रीपाद मास्तरांनी शिकवली, बारा वर्षांमागं माळावर काढलेल्या चार महिन्यांत. म्हणून त्या महिन्यांपासूनच सांगतो.

२

बारा वर्षांमागं गल्लीत उंदीर पडले. गाठीचा रोग आला म्हणून सगळ्यांना घरं सोडायला लावली, दारांना कुलपं घालून लाखेचे शिक्के मारले आणि आम्ही येळ्ळूर रस्त्याच्या माळावर तट्ट्याच्या झोपड्यांत राहायला गेलो. मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं उंदरांच्या तावडीत कोण ठेवणार? निघताना प्रत्येकानं ताणा कापून, गुंडाळून बरोबर घेतला. सहाही माग रिकामे ठेवून आलो, एवढं ध्यानात असू द्या.

एक गोष्ट मात्र बरोबर नेता येत नव्हती. गल्लीच्या टोकाला चौडेश्वरीचं देऊळ आहे, आणि तिथली समई कधी विझू द्यायची नाही ही आमची रीत. समईत तेल एका दिवसाचंच मावतं. म्हणजे रोज दुपारी कुणीतरी माळावरनं दीड कोस चालत त्या ओस गल्लीत जायचं, तेल घालायचं, परत यायचं. रोगाच्या गल्लीत आपणहून कोण जाईल? म्हणून पाळी, आणि पाळी चिठ्ठीवर. लिहिता कुणाला येत होतं? आम्ही विणकर, आम्ही कांड्या घातल्या. ज्यावर बाण्याचं सूत गुंडाळतात त्या बोटाएवढ्या कांड्या. एकेका घराचा एकेक रंग. आमची तांबडी, बाळाबाईचा नवरा परशराम याची हिरवी. सहा कांड्या एका अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकायच्या, रोज सकाळी हात घालून एक काढायची, त्या घरचा माणूस जाणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाच्या सहा मडक्यात.

हात माझा. विणताना पाय सोडून बसायचा जो मागाचा खड्डा, त्यात पडून माझा गुडघा कायमचा गेलेला, मला दीड कोस चालवत नव्हतं. जो जाणार नाही त्याच्यावर संशय नको, म्हणून लोकांनीच ठरवलं की भावकूअण्णानं काढावी. आमच्या घरची पाळी आली की भरमू जायचा.

भरमू माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मी वाढवला. त्याची बायको अंबुबाई तेव्हा पोटुशी होती.

३

श्रीपाद मास्तर बेळगावातले, पुण्याला कॉलेजात शिकून आलेले. माळावर रोज सकाळी हजेरी घ्यायला त्यांना नेमलं होतं. हजेरी झाली की कांडी निघायची, आणि कुणाची निघाली ते हजेरीच्या कागदावर कडेला लिहून ठेवायची मास्तरांना सवय लागली. माणूस मोजण्यातलाच.

दोन महिने होत आले तेव्हा एका सकाळी ते माझ्या झोपडीत आले. तुरीचे दाणे मागितले आणि जमिनीवर सहा ढीग मांडले.

"भावकूअण्णा, आज सत्तावन्नावा दिवस. सहा घरांना सारखा वाटा धरला तर प्रत्येकाला साडेनऊ यायला हवेत. आलेत किती? दहा, नऊ, दहा, नऊ, दहा, नऊ."

"मग झ्याक हाय की."

"ऐका. पुण्याला आम्हाला एक पडताळा शिकवलाय. जेवढं यायला हवं आणि जेवढं आलं, त्यातला फरक घ्यायचा. फरकाला फरकानंच गुणायचं. जेवढं यायला हवं होतं त्यानं भागायचं. असं सहाही घरांचं करून बेरीज मारायची. सहा घरं असली आणि कांड्या निव्वळ नशिबानं निघत असल्या, तर ही बेरीज पाचाच्या आसपास येते. अकराच्या वर गेली तर मी म्हणेन, काढणारा लबाड आहे, कुणालातरी वाचवतोय."

मी विचारलं, "माझी किती आली?"

"एकाचा सहावा हिस्सा."

"म्हंजे मी सुटलो."

मास्तर हसले नाहीत. "सुटला नाहीत. बेरीज फार मोठी आली तरी वाईट, आणि फार लहान आली तरी वाईट. इतकी लहान बेरीज दोन हजारांत एखाद्या वेळी येते. अण्णा, नशिबाला आठवण नसते. काल कोण गेलं हे मडक्याला ठाऊक नसतं. एखादं घर चौदा वेळा यावं, एखादं पाच वेळा, असं वेडंवाकडं व्हायला पाहिजे होतं. हे कुणीतरी आठवण ठेवून काढतंय."

मी देवीची शपथ घेतली. डोळे मिटून हात घालतो म्हणालो. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "सूत जाड-बारीक आहे. बोटं जन्मभर सूत चिवडत आलीत. तुम्हाला न कळता बोटं निवडत असतील."

हे मला पटलं. खरं तर बरंच वाटलं. माझी बोटं असतील तर काळजी नाही.

४

साठाव्या दिवशी सहाही ढीग दहा-दहा झाले. मास्तरांनी सगळ्या कांड्यांवर एकाच फडक्याच्या चिंध्या शिवून घेतल्या, आत रंग लपला. आणि मला बाजूला बसवून सहा दिवस स्वतः हात घातला.

सहा दिवसांत सहा घरं. एकही दोनदा नाही.

मास्तरांनी ही गोष्ट सगळ्यांपुढं काढली तेव्हा लोक हसायला लागले. मारुतीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "देवी न्यायानं वागती, तर तुमचं पोट का दुखतंय, मास्तर? मान्सं पाळ्या वाटत असती तर एव्हाना डोकी फुटली असती."

परशराम तर गल्लीतला विनोदी माणूस. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या पडताळ्याला न्हाय आवडत तर देवीला पुण्याला धाडा शिकायला!"

बाळाबाई त्याच्यावर डाफरली, "देवाची चेष्टा करू नगासा हो!" पण तीही पदराआड हसत होती.

मी पण हसलो. रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर उजवा हात अंगावर ठेवायला नको वाटायचा. म्हातारपणीचं काहीतरी खूळ, म्हटलं. हात लांब करून झोपायचो.

५

शंभर दिवस उलटल्यावर जाऊन येणारी माणसं कमी बोलायला लागली. कुणी तक्रार केली नाही. यायची, तेलाची बुधली जागेवर ठेवायची, हातपाय धुऊन बसायची. थकली असतील. उन्हं वाढली होती.

मग वरनं हुकूम आला की रोग हटला, अमुक दिवशी माळ उठवायचा. मास्तरांनी दिवस मोजले. शेवटचा दिवस एकशेविसावा येत होता.

"सहा वीसं एकशेवीस," ते म्हणाले. "अगदी पुरे वीस-वीस बसतात. अण्णा, माळ कधी उठणार हे कालपर्यंत साहेबालाही ठाऊक नव्हतं."

मला यातलं फार कळलं नाही. एवढंच कळलं की सुपात धान्य पाखडावं तसं काहीतरी सारखं करत आणलंय, आणि ते संपत आलंय.

शेवटच्या फेऱ्यात पहिले मारुतीराव गेले. परत आले ते सरळ माझ्यापाशी. खाली बसले. मोठा माणूस, पण आवाज लहान झालेला.

"भावकू, आमच्या घरात माग वाजत हुता."

"शिक्का?"

"शिक्का जिथल्या तिथं. एक ठोका. मग गप. मग येक."

"उंदरं असतील."

"उंदरं," ते म्हणाले, आणि मानेनं हो केलं.

पुढचे दोघे गेले, त्यांनीही आपापल्याच घरातनं ठोका ऐकला. मग मालुबाईचा जावई गेला, तो आल्याबरोबर तापल्यासारखा पडून राहिला, ताप मात्र नव्हता. एकशेएकोणिसाव्या दिवशी परशराम गेला. तो आला आणि प्रथमच त्याच्याकडं सांगायला विनोद नव्हता. बाळाबाईनं विचारलं तर म्हणाला, "घर आठवण काढतंय आपली, दुसरं काय."

पाच घरं वीसवर. आमचं एकोणीस.

त्या संध्याकाळी भरमू जेवायला बसला होता. मास्तरांचे आकडे त्याला ठाऊक नव्हते. मी कधी सांगितले नव्हते, कशाला घाबरवा. अंबुबाईनं भाकरी वाढली. त्यानं तुकडा मोडला, हातातच धरला आणि म्हणाला,

"अण्णा, आता येकच ऱ्हायली."

"काय ऱ्हायली रं?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू हे बोललं कोण, असं तोच मला विचारतोय. "काय न्हाय," म्हणाला, आणि जेवायला लागला.

६

आता माझं पाप सांगतो.

एकशेविसाव्या दिवशी सकाळी सगळे जमायच्या आधी मी मडक्यातनं तांबडी कांडी काढली. प्रत्येक घरच्या चिंधीवर मास्तरांनी शाईची वेगळी बारीक खूण केलेली असायची, ती बघून काढली. कनवटीला खोचली. आत पाच राहिल्या. पाच मोजून घेतल्या, दोनदा.

हजेरी झाली. लोक मडक्याभोवती बसले. शेवटचा दिवस म्हणून बायकाही आल्या होत्या. मी डोळे मिटून हात घातला.

बोटांना सहा लागल्या.

मी परत चाचपल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहावी तळहाताला येऊन टेकलेली. तुम्ही उन्हात बसलेल्या माणसाच्या हातातनं कांडी घेतली तर कशी लागते? तशी कोमट. मी ती सोडली. हात दुसऱ्या बाजूला नेला. ती पुन्हा तळहातात. कनवटीला कांडी रुतत होती, म्हणजे तिथली तिथं होती. मी पुन्हा सोडली, आणि मडक्याच्या तळाशी जी गार लागली ती मुठीत धरून हात बाहेर ओढला. मनगट खरचटलं.

मास्तरांनी चिंधी उसवली. हिरवी.

 मग परशराम उठला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "आयला, कालच तर गेलतो! देवी लईच प्रेमात पडली की माझ्या."

लोक हसले. लोकांना हसायला हवंच होतं. बाळाबाई म्हणाली, "लवकर या, भाकरी गरम वाढती." तो म्हणाला, "दोन जास्त थाप गं, आज दुप्पट चाल पडलीया." बुधली घेतली आणि गेला. माळाच्या उतारावर त्याचा टॉवेल बराच वेळ दिसत होता. मी त्याला हाक मारू शकलो असतो. भरमू माझ्या शेजारी बसला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी हाक मारली नाही.

मास्तर मडकं उपडं करत होते. चार कांड्या पडल्या. हातातली धरून पाच. त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

७

उन्हं कलली तरी परशराम आला नाही. मारुतीराव, भरमू, मास्तर आणि मी गाडी जुंपून गेलो. मला नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

गल्ली झाडलेल्यासारखी स्वच्छ होती. चार महिने ओस पडलेली गल्ली, तिथं पाचोळा पाहिजे होता. देवळात समई जळत होती, तेल काठोकाठ. उंबऱ्यावर बुधली, रिकामी, तोंड पुसून ठेवलेली. परशराम नाही. हाका मारल्या. मारुतीराव विहिरीत वाकून बघून आले.

मग ऐकू आलं. मारुतीरावांच्या बंद घरात मागावर सूत ठासायच्या फणीचा एक ठोका. खटक्. मग मालुबाईच्या घरात एक. मग समोरच्या दोन घरांत, एकेक. एकाचा संपला की दुसऱ्याचा, घाई नाही, कुणी कुणाचा हक्क मारत नाही. परशरामच्या घरात, खटक्. आणि लगेच दुसरा, खटक्. मग आमच्या घराची वेळ आली. आमच्या घरातनं काहीच आलं नाही. एका ठोक्याएवढी जागा मोकळी राहिली, ताटावर वाढून माणसाची वाट बघतात तशी. मग पुन्हा मारुतीरावांच्या घरापासनं.

मारुतीराव कानांवर हात ठेवून देवळाच्या पायरीवर बसले. भरमू आमच्या दाराकडं बघत होता. मी त्याचं मनगट गच्च धरलं.

परशरामच्या दाराला फट आहे, माझ्या खांद्याच्या उंचीवर. कुलूप होतं, लाखेचा शिक्का धड होता. मी डोळा लावला. आत अंधार, कौलातनं एक कवडसा मागावर पडलेला. मागावर सूत नव्हतं. खड्ड्यात कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडं पाठ करून. खांद्यावर टॉवेल. फणी पुढं आली, मागं गेली. आणि मग ती पाठ थोडी बाजूला सरकली. गर्दीत आपण शेजाऱ्याला बसायला जागा देतो, तेवढीच.

मी मागं झालो. मास्तरांनी डोळा लावला, बराच वेळ. "काही नाही, अण्णा," म्हणाले. शिक्का फोडून आत गेलो. बसायच्या फळीवर बोटभर धूळ, फणीवर कोळ्याचं जाळं, अखंड. माझी नजर तेव्हाच अधू होत चालली होती. उन्हातनं अंधारात बघितलं की माणसाला काहीही दिसतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

८

परशरामचा पत्ता लागला नाही. चौकशी झाली. कुणी म्हणालं निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिसला, कुणी म्हणालं सदलग्याच्या बाजारात. बाळाबाई दोन्हीकडं जाऊन आली. कुंकू तिनं अजून पुसलं नाही.

मास्तरांची पुढं बदली झाली. जाताना त्यांनी मला कागद दिला. वीस, वीस, वीस, वीस, एकवीस, एकोणीस. खाली बेरीज. मी कनवटीची कांडी काढून त्यांच्यापुढं ठेवली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "मी तुम्हाला सांगायला नको होतं." एवढंच. सगळा पडताळा शिकलेला माणूस, पण पुढं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्या साली पोटात होती ती भरमूची पोर, कल्याणी, आता बारा वर्षांची आहे. तिला बघितलं की मला वाटतं बरं केलं. मग समोर बाळाबाई कांड्या भरत बसलेली दिसते.

इंग्रज जाणार म्हणून गल्लीत रोज बोलणी चालतात. काल दुपारी मी विहिरीकडं निघालो तेव्हा बाळाबाईनं दारातनं हटकलं.

"भावकूअण्णा, जरा इकडं या की. एक इचारू? येडी म्हणू नगासा."

"इचार."

"दुपारी सगळे माग थांबत्यात नव्हं? मी पण उठती. तरी माझ्या घरात ठोका पडतोय. दोन. बारा वरसं झाली. आज म्हटलं कुणालातरी इचारावं."

मी खाली बसलो. सगळं सांगितलं. कनवटीची कांडी, तळहाताला लागलेली, सोडून दिलेली.  तिच्या हातातली कांडी तेवढी फिरायची थांबली.

"म्हंजे त्यांची पाळी नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

"भरमूची व्हती."

"आमच्या घरची व्हती. माझी म्हण."

ती आत गेली. वाटलं, आता दार लावून घेईल. ती बुधली घेऊन आली. तीच, उंबऱ्यावर सापडलेली. बारा वर्षं तिनं ती चिंचेनं घासून ठेवली होती. माझ्यापुढं ठेवली.

"मग जावा की, अण्णा," म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण ती आर्जवानं म्हणाली.

९

आज सकाळी बुधली भरली. भरमूला चिकोडीला सूत आणायला धाडलंय, अंबुबाई आणि पोर माहेरी. हे कागद मास्तरांच्या कागदाबरोबर फडताळात ठेवीन. तांबडी कांडी मुठीत आहे. बारा वर्षांत ती कधी कोमट लागली नव्हती, आज लागते आहे. माझ्याच हाताची ऊब असेल.

देऊळ इथनं चाळीस पावलांवर आहे, माझ्या पायानं साठ. तेल घातलं की मग काय, ते मला ठाऊक नाही. मास्तरांनाही नसतं कळलं.

मारुतीरावांचा माग थांबला. मालुबाईकडचा थांबला. समोरचे दोन्ही थांबले. बाळाबाई मात्र आज सकाळपासून मागावर बसलीच नाही. चुलीपाशी आहे. भाकरी थापल्याचा आवाज येतोय, एक झाली, दुसरी झाली, तिसरी चालू आहे. एवढ्या भाकरी एकट्या बाईला लागत नाहीत.